घड्याळवाल्या काकांना, २६ मिनिटांबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा इंदूरच्या रामबागेत आमची शॉर्ट फिल्म दाखवली. शेवटी 'विशेष आभार' या पाटीवर तुमचं नाव होतं, पण ती दोन सेकंदांत सरकली आणि तोवर निम्मं पब्लिक चपला शोधायला उठलं होतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

वाचणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात: आजचा एक इंदुरी पोरगा पणजोबांच्या लग्नाला १९०४ सालात जातो. उतरल्या उतरल्या विचारतो, "गांधी हॉल कुठे?" समोरचा म्हणतो, "कोण गांधी?" (हॉल त्याच वर्षीचा, पण तेव्हा नाव किंग एडवर्ड हॉल.) या विनोदावर आम्ही फार खूश होतो. एक जुनं घड्याळ उसनं मागायला तुमच्याकडे आलो, तर डोळ्यावरचं भिंग न काढता तुम्ही विचारलंत, "पोरगा मुहूर्तावर पोचतो म्हणता. कुणाच्या घड्याळाप्रमाणे?"

आम्ही गप्प.

मग तुम्ही सांगितलंत, की भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला. ती ८२.५ अंश रेखांशाची, आपलं इंदूर ७५.९ च्या आसपास; एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपला सूर्य मोबाइलच्या २६ मिनिटं मागे. "आणि लग्नाला मोबाइल कोण विचारतो? तिथे घटिकापात्र असणार." (म्हणजे बुडाला भोक असलेली, पाण्यात हळूहळू बुडून वेळ सांगणारी वाटी.)

झालं, पटकथा फाडली. आता पोरगा मोबाइल बघून येतो आणि २६ मिनिटं आधी टपकतो. वरपक्षाला वाटतं वधूकडचा, वधूपक्षाला वाटतं वराकडचा, आणि दोघेही त्याला पाणी भरायला लावतात. परवा सगळ्यात मोठा हशा तिथेच पिकला.

पण मला खरे आभार मानायचेत ते त्या दुपारचे. तुमच्या घरचं तांब्याचं घटिकापात्र आम्ही घंगाळात सोडलं, तर ते नऊच मिनिटांत बुडालं. बुडाचं भोक झिजून मोठं झालेलं. मी म्हटलं, चालेल, एडिटमध्ये सांभाळू. तुम्ही काही बोलला नाहीत. भोकात मेण भरलंत, सुईनं टोचलंत, पाण्यात सोडलंत. एकतीस मिनिटं. परत मेण, परत सुई. सहाव्या खेपेला बरोबर २४ मिनिटांनी वाटी बुडाली, एक घटका, आणि तुम्ही दुकानाचं शटर उघडायला निघून गेलात. पडद्यावर ती वाटी जेमतेम चार सेकंद दिसते.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. सराफ्याच्या खाऊगल्लीतला गराडू (तळलेला कंद) मात्र घेतलात, वर "जीरावन मसाला कमी टाकलाय" हेही सुनावलंत.

रविवारी घटिकापात्र परत आणून देतो. मेण काढलेलं नाही.

तुमचा,
फिल्मवाला पोरगा