वहिनीच्या गरोदरपणाचे पहिले बारा आठवडे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुमची नागीण सुकत आली असं दादा म्हणाला. तरी सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ती जागा कपड्याखाली झाकलेली ठेवा आणि तुमचा टॉवेल, पांघरूण वेगळं ठेवा. नागीण आणि कांजिण्या यांचा विषाणू एकच. ज्याला कांजिण्या येऊन गेलेल्या नाहीत, त्याला तुमच्या फोडांतल्या पाण्यापासून त्या येऊ शकतात. वहिनीला लहानपणी आल्या होत्या का, हे तिच्या आईला विचारा. खात्रीने सांगता येत नसेल तर रक्ताची आयजीजी तपासणी, म्हणजे त्या आजाराविरुद्ध अंगात संरक्षण (अँटिबॉडी) आहे का ते बघणारी, करून घ्या. संरक्षण नसलेल्या गरोदर बाईचा संपर्क आला तर अँटिबॉडीचं इंजेक्शन 10 दिवसांच्या आत द्यावं लागतं, म्हणून पुरळ उठायची वाट बघू नका.

वहिनीचा सातवा आठवडा चालू आहे. बाळाचं हृदय, डोळ्याचं भिंग, आतला कान याच दिवसांत घडतात. त्यामुळे मला जास्त धास्ती आहे ती रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची. मोठ्या माणसाला बारीक ताप, कानामागे गाठी, तीन दिवस पुरळ. कित्येकांना तेवढंही नसतं. पण विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि पेशींची वाढ अडवतो. पहिल्या 12 आठवड्यांत लागण झाली तर 10 पैकी 8 ते 9 बाळांना इजा होते: मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातला दोष. 20 आठवड्यांनंतर हा धोका फार कमी. 1941 साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आयांची विचारपूस केली, तेव्हा हा संबंध उघडकीस आला. आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला लस 2017 पासून यायला लागली, वहिनीचं बालपण त्याआधीचं. आणि आता गरोदरपणात ती देता येत नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू असतो. रुबेला आयजीजी निगेटिव्ह आली तर बाळंतपणानंतर लगेच घ्यायची. अंगावर पाजत असली तरी चालते.

आई, चाळीत कुणाच्या मुलाला पुरळ आलं असेल तर विचारपूस तू फोनवर कर, वहिनीला पाठवू नकोस. रुबेला पुरळ उठण्याच्या आठवडाभर आधीपासून पसरतो. चुकून संपर्क झालाच, तर तारीख आणि किती वेळ एका खोलीत होते ते लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आधी न सांगता दवाखान्यात जाऊन बसू नका, तिथे इतर गरोदर बायका असतात.

आणखी एक, हे तुला रुचणार नाही. लहानग्या ओमच्या ताटातलं उष्टं वहिनीने संपवायचं नाही, त्याचा चमचा तोंडात घालायचा नाही, पापा कपाळावर घ्यायचा. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सायटोमेगॅलो नावाचा विषाणू असू शकतो, आणि बाळाला त्याने बहिरेपण येऊ शकतं. लंगोट बदलल्यावर, शेंबूड पुसल्यावर तिने साबणाने 20 सेकंद हात धुवावेत.

डास राहिले. झिकाचा डास दिवसा चावतो, आणि पुण्यात 2024 मध्ये गरोदर बायकांनाही झिका झाला होता. दर रविवारी गच्चीवरचा ड्रम, मनी प्लँटची बाटली, फ्रीजमागचा ट्रे रिकामा करून आतल्या कडा घासा, अंडी तिथेच चिकटून राहतात.

वहिनीचे आयजीजीचे रिपोर्ट आले की दादाला फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
मंजू