श्वासाच्या रकान्यातले २०

महोदय,

सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि नर्सिंग कॉलेजांनाही. तरी ‘सिस्टर स्वतःहून विचार करत नाहीत’ ही डॉक्टरांची तक्रार कायम. मग एक दिवसाची कार्यशाळा होते, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि वॉर्ड होता तसाच राहतो.

कुठल्याही जनरल वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदींचा तक्ता, उघडून बघा. ताप बदलतो, नाडी बदलते. श्वासाच्या रकान्यात मात्र वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. श्वास पूर्ण ६० सेकंद, तेही रुग्णाच्या नकळत मोजायचे असतात. चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असल्या की ते कोण मोजणार? शिकवणी रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि इतरत्र ५ रुग्णांमागे १ नर्स, हे इंडियन नर्सिंग कौन्सिलचे प्रमाण कागदावरच आहे. रुग्ण बिघडू लागला की बहुधा श्वासच आधी वाढतो. ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचे मशीन रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के दाखवत राहते आणि श्वास मिनिटाला २८ वर गेलेला असतो.

आपल्या ऊसपट्ट्यातले उदाहरण घ्या. जमिनीवर झोपलेला मजूर पहाटे पोट दुखते म्हणून येतो. अंगावर दंशाची खूण नाही. सर्पदंशाचा संशय आला तर २ मिली रक्त नव्या, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठते का बघायचे, हे सगळ्यांना पाठ असते. साबणाने धुतलेली नळी घेतली तर निरोगी माणसाचेही रक्त गोठत नाही, हे थोड्यांनाच सांगितलेले असते. आणि रक्त गोठले म्हणून ‘विष नाही’ असे लिहून मोकळे होणे ही तर त्याहून मोठी चूक. ही तपासणी घोणशीसारख्या सापांच्या विषासाठी; मण्यारीच्या विषात रक्त गोठतेच. तिथे पापण्या जड होऊन मिटतायत का ते बघावे लागते. ‘झोप येतेय’ म्हणणाऱ्याला वर बघायला, उशीवरून मान उचलायला, एका दमात आकडे म्हणायला लावायचे. मघाशी ३० पर्यंत जाणारा आता १८ वर थांबत असेल तर डॉक्टरांना लगेच उठवायचे.

पण रात्री अडीचला फोन केल्यावर ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ असे एकदा ऐकले, की पुढच्या वेळी सिस्टर सकाळची वाट बघते. हे नुकसान कुठल्याही कार्यशाळेने भरून निघत नाही.

पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवतात, ती ‘ओव्हर’; ती काउंटरवर रजिस्टर वाचून न देता खाटेपाशी द्यावी. घेणारीने प्रत्येक गंभीर रुग्णाबद्दल एवढेच विचारावे : आज रात्री याचे काय बिघडू शकते आणि ते आधी कशावरून कळेल? विद्यार्थिनींच्या केअर प्लॅनचेही, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्याचेही, तसेच. सीनियरच्या वहीतून उतरवलेली वीस पाने तपासण्यापेक्षा परीक्षकाने तिला रुग्णाशेजारी उभे करून हाच प्रश्न विचारावा, आणि त्याआधी तिच्याकडून त्याचे श्वास मोजून घ्यावेत.

— एक नर्सिंग शिक्षिका, मिरज