आंटी, त्या पंधरा मिनिटांसाठी थँक्यू

प्रिय आंटी,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, "अय्यो, ते काय, सोडा" म्हणता आणि लगेच आईची शुगर किती ते विचारता, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो माहितीये, पण अंकल वाचून दाखवतील, खडकीतली इतकी वर्षं कुठे जाणारेत. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आईवडिलांना घेऊन कूर्गला निघणारे आमच्यासारखे पुण्यातले खूप जण आहेत, त्यांनाही कळू दे त्या रात्री काय झालं ते.

26 जानेवारीला जोडून सुट्टी काढली होती. पुण्याहून ट्रेनने म्हैसूर आणि तिथून टॅक्सी, कारण कोडगू म्हणजे कूर्ग जिल्ह्यात रेल्वे नाहीच. ट्रेन लेट, त्यामुळे हुणसूर, गोणिकोप्पल करत विराजपेटला येईपर्यंतच अंधार पडला होता. आई एकाहत्तर वर्षांची, इन्सुलिनवर. आता पोचतोच आहोत, गेल्या गेल्या ताट वाढतील असं म्हणून तिने गाडीतच इन्सुलिन घेतलं, मी पण हो म्हटलं. आणि काकब्बेला बुक केलेल्या होमस्टेच्या दारात गेलो तर आमची रूम दुसऱ्यांना दिलेली! पैसे आधीच भरलेले, कन्फर्मेशनचा मेसेज दाखवला, तरी नुसतं सॉरी मॅडम सॉरी मॅडम. सव्वानऊ वाजलेले, मोबाइलला रेंज नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉफीच्या झाडांचा मिट्ट काळोख. मी तिथे भांडत बसले आणि मागच्या सीटवर आई गप्प गप्प होत गेली ते मला दिसलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ड्रायव्हरदादा म्हणाले, वर एक ओळखीचं घर आहे, विचारून बघू. तुम्ही टॉर्च घेऊन बाहेर आलात. मी रूमचं विचारत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघतही नव्हता, सरळ गाडीचं मागचं दार उघडून आईचा हात हातात घेतलात. ती मला मावशीच्या नावाने हाक मारत होती, मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. आणि तुम्ही एकदम मराठीत म्हणालात, "हात गार आहे, घाम आहे. ह्या इन्सुलिन घेतात काय?"

आंटी, त्या जंगलात, त्या वेळेला मराठी ऐकून मला जे वाटलं ना ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मी पर्समधलं चॉकलेट काढत होते, तुम्ही माझा हात धरलात. चॉकलेटमध्ये फॅट असतं, त्याने साखर उशिरा चढते, आधी नुसतं गोड द्यायचं. मीटर लावला तर शुगर 54, खूपच खाली गेलेली. तुम्ही कोमट पाण्यात मोठा चमचाभर मध ढवळलात, आईला "नाव सांगा, घोट घ्या, गिळलं काय?" असं विचारत विचारत, ती नीट गिळतेय याची खात्री करून घोटाघोटाने पाजलात, मग भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल ओढून बसलात. पंधरा मिनिटं. कुणालाही बोलू दिलं नाहीत. परत मीटर लावला, 83. तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता जेवण." अंकलना पण इन्सुलिन चालू आहे म्हणून तुम्हाला हे सगळं पाठ, पण आमच्या डॉक्टरांनी मलाही हे सांगितलेलंच होतं की, आणि वेळेला माझ्या डोक्यात त्यातलं काहीच आलं नाही. आता फ्रिजवर कागद चिकटवलाय: गोड, पंधरा मिनिटं, परत चेक, मग जेवण. त्याच्या आधी लाल पेनने, ताट समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन नाही. प्लीज, ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी हा कागद आजच लावा.

आणि मग साडेदहा वाजता तुम्ही आमच्यासाठी अक्की ओट्टी भाजायला घेतलीत. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, अगं ही तर आपली तांदळाची भाकरीच की! तुम्ही शिजलेला भात पिठात मळता हे तिला इतकं आवडलंय की घरी तीनदा करून झालं, तुमच्याइतकी मऊ होत नाही अजून. आणि ती काचमपुळीची, म्हणजे तुमच्याकडच्या आंबट काळ्या व्हिनेगरची बाटली, आईने वास घेऊन लगेच ओळखलं, हा आमच्या आमसुलाचाच कुणीतरी भाऊ आहे. तुम्ही आत जाऊन ते फळ आणून दाखवलंत आणि दोघी अकरा वाजेपर्यंत कोकणातल्या कोकमावर बोलत बसलात, जी बाई दीड तासापूर्वी मला ओळखत नव्हती ती!

एक रात्र राहणार होतो ते चार दिवस राहिलो. ताडियांडामोळचं शिखर राहिलं, नालक्नाड पॅलेस राहिला, आणि खरंच काही वाटलं नाही त्याचं. तुमच्या अंगणात रोबस्टा जातीच्या कॉफीची चेरी, म्हणजे फळं, वाळत होती, आईला तुम्ही फळी दिलीत आणि ती सकाळभर चेरी खालीवर करत बसायची. तिला कुणीतरी काम सांगितलं हो आंटी, आम्ही पुण्यात तिला सारखं "तू बस" म्हणतो. वाळली की नाही हे मुठीत घेऊन कानाशी हलवून बघायचं, आतली बी खुळखुळ वाजली की झाली, हे तुम्ही तिला शिकवलंत आणि आता ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. दुसरी जात अरॅबिका, ती आधी तोडतात, तिचं साल काढून धुऊन पार्चमेंट, म्हणजे पातळ टरफलातली बी, करतात, रोबस्टा मागून येते आणि बरीचशी अशीच सालासकट वाळवतात, रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट, झाडांना सावली पाहिजे म्हणून सिल्व्हर ओक आणि फणस ठेवायचे आणि त्यांच्यावरच मिरीचे वेल चढवायचे, हे सगळं मला आईकडून कळलं, मी आपली रेंज शोधत फिरत होते.

आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध आटवून जायफळ घालून. तुम्ही बेल्ला कापी केलीत, आम्हाला गुळाची आणि आईला न सांगता बिनगुळाची, वेगळ्या पितळी भांड्यात. तिला वाटलं सगळ्यांची अशीच आहे. ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

निघताना तुम्ही तीन रात्रींचेच पैसे घेतलेत. पहिली रात्र धरायची नाही म्हणालात, "त्या रात्री तुम्ही गेस्ट नव्हता." मी हट्ट केला तर अंकल आतून ओरडले, पुण्याने आम्हाला खूप सांभाळलंय. वर मधाची बाटली. ती आईच्या पिशवीत असते आता, अगदी मंडईत जातानाही, आणि परवा ती माझ्याशिवाय, एकटी, साताऱ्याला माझ्या मामाकडे जाऊन आली. दोन वर्षांनी एकटी गेली हो.

बाकरवडीचं पार्सल टाकलंय, अंकलना दोनच द्या. इग्गुतप्पाच्या देवळात जाताना तुम्ही नेसला होता तशी मागे निऱ्यांची साडी आईला शिकायचीये, आमच्या नऊवारीपेक्षा सोपी आहे की अवघड यावर इथे तिचं आणि मावशीचं वाजलंय, एकदा व्हिडिओ कॉलवर दाखवाल का?

आणि एक सांगा, चेरी पोत्यात गेली का? आई रोज मोबाइलवर काकब्बेचं हवामान बघते. तुम्ही सांगितलं होतं ना, तोडणी-वाळवणी चालू असताना पाऊस आला तर नासाडी आणि नंतर फुलाच्या वेळेला आला नाही तर पुढचं वर्ष गेलं. इग्गुतप्पा पावसाचा देव आहे ना, त्याला आईचा निरोप द्या, अंगण रिकामं होईपर्यंत थांब म्हणावं. मग खुशाल ये.

तुमची,
पुण्याची मुलगी