उंबराची फांदी धरून बसलेल्या ताईंना

आदरणीय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

सुट्टीतल्या शास्त्रशाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या बायबल-वर्गाच्या) शेवटच्या दिवशी सगळे पालक तुमच्याभोवती जमले होते. कुणी पेढे आणले होते, कुणी फोटो काढत होतं. मी मागे व्हरांड्यात पोराच्या चपला शोधायचं सोंग करत उभा होतो. चपला समोरच होत्या. पण तुमच्यापुढे येऊन चार शब्द बोलायचे म्हटलं की घसा दाटत होता, आणि एवढ्या माणसांत लेथवर काम करणाऱ्या बाप्याने डोळे पुसणं मला जमणारं नव्हतं. तीन आठवडे झाले, अजून तसंच होतंय. म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. ज्यांना कळायचं त्यांना आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला नगरच बसलंय) कळेलच.

आधी थोडं कडू सांगतो, नाहीतर गोडाची किंमत कळणार नाही.

आमचा धाकटा नऊ वर्षांचा. बोलताना अडखळतो. गाताना अजिबात नाही, उपासनेत गीत सुरू झालं की हा सगळ्यांच्या पुढे. पण बोलायला गेला की 'ज', 'क', 'ब' ही अक्षरं वाटेत आडवी पडतात. आम्ही आधी ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचो तिथली शब्बाथ शाळा (मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग) म्हणजे नुसतं पाठांतर. बाकावर हात बांधून बसायचं, सुवर्णवचन, म्हणजे बायबलातली नेमून दिलेली ओळ, घडाघडा म्हणायचं आणि तक्त्यावर चांदणी चिकटवून घ्यायची. बाकीच्यांच्या नावापुढे चांदणं, ह्याच्या नावापुढे कायमची अमावास्या. वचन त्याला पाठ असायचं. अंघोळ करताना चालीवर म्हणायचा, मी बाहेरून ऐकायचो. पण चालीवर म्हटलेलं तिथे धरत नव्हते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ज्या गावात अभंग रचले, ख्रिस्ताचं कीर्तन केलं, त्याच गावातली ही गोष्ट! असो.

नाताळच्या कार्यक्रमात त्याला मेंढपाळ केलं होतं. एकच वाक्य होतं, बेथलेहेमला जाऊ या म्हणायचं. तो 'बे'वर अडकला. दोनदा, तीनदा. समोरून कुणीतरी हसलं. ज्यांच्याकडे कार्यक्रम होता त्यांनी पुढे होऊन त्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि शेजारच्या मुलाला दिला. वाक्य झालं, मेंढपाळ बेथलेहेमला गेले, आमचा मात्र तिथेच घोंगडी पांघरून उभा. नंतर त्याच व्यक्तीने मला बाजूला घेऊन, अगदी मायेने, सांगितलं, "पुढच्या वर्षी त्याला मेंढरू करू. मेंढराला बोलायचं नसतं."

रागावून बोलले असते तर मी भांडलो असतो. मायेने बोलले, त्यामुळे मला काही सुचलंच नाही.

तर अशा पोराला घेऊन मे महिन्यात त्याची आई तुमच्याकडे आली. मी नको म्हणत होतो, हे कबूल करतो.

पहिल्या दिवशी तो घरी आला ते हात काळे करून. तुम्ही म्हणे नोहाचं तारू मोजायला लावलं होतं. शास्त्रात लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. आणि हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलांनी आपापल्या हातांनी सुतळी मोजली आणि ती सुतळी चर्चच्या आवाराबाहेर गेली! चाळीस वर्षं मी ही गोष्ट ऐकतोय, पण ती मोजता येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री मी कागद घेऊन बसलो. हात दीड फुटाचा धरला तर साडेचारशे फूट लांब, पंचाहत्तर रुंद, पंचेचाळीस उंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुठ्ठ्याचं तारू तीस इंच लांब, पाच रुंद, तीन उंच, तीन मजल्यांचं करून घेतलंत तेव्हा माप पाहून मला तुमच्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. माप चोख होतं. चित्रातल्यासारखी जिराफाची मान बाहेर काढलेली गोल होडी नाही, चांगली लांबलचक पेटी. बाहेरून-आतून काळा रंग, कारण शास्त्रात डांबर लावायला सांगितलंय.

मग गल्याथाला पाडणाऱ्या दाविदाची गोफण आली. गोफण म्हणजे काय हे सांगायला तुम्ही एका आजोबांना बोलावलंत, ज्यांनी ज्वारीच्या मळ्यात माच्यावर उभं राहून पाखरं हाकलली होती. सुतळीची गोफण आणि सीना नदीच्या पात्रातले पाच गुळगुळीत गोटे. (गोटे आमच्या घरी आले. एक अजून माझ्या चपलेत सापडतो.) मरियेला तुम्ही जुन्या साडीच्या काठाचं लुगडं नेसवलंत आणि मुलांना सांगितलंत की गोव्याचे चित्रकार अँजेलो दा फोन्सेका आपल्या पुण्यातल्या आश्रमात राहून अशीच साडीतली मरिया रंगवायचे. आमच्या पोराने हे मला दोनदा सांगितलं. 'फोन्सेका'मधला 'क' त्याला दोन्ही वेळा जड गेला, पण सांगितलं.

आता त्या दिवसाबद्दल. माझी दुसरी पाळी होती, म्हणून दुपारी बाराला त्याला न्यायला मीच आलो. बाकीची मुलं गेली होती. तुम्ही दोघं फरशीवर बसला होतात, मधे जक्कयाचं झाड (जक्कय म्हणजे येशूला पाहायला झाडावर चढलेला बायबलातला जकातदार). खोड वर्तमानपत्राच्या गुंडाळीचं, त्यावर गोणपाटाची साल आणि खऱ्या उंबराच्या वाळक्या काटक्या. काटक्या तुम्ही खाली पडलेल्याच वेचायला लावल्या होत्या, कारण शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, दत्ताचं झाड आहे, तोडू नका. मराठी शास्त्रात जक्कय उंबरावर चढतो. तिकडचं ते झाड आपल्या उंबराचं चुलत भावंड, खोडालाच फळं धरणारं. हे तुम्ही मुलांना सांगितलं होतं, म्हणून तर एवढा खटाटोप.

एक फांदी निखळली होती. त्याने फेव्हिकॉल लावला आणि तुम्ही ती दोन बोटांनी दाबून धरलीत. मग म्हणालात, "हे वाळेपर्यंत मला उठता येणार नाही. तू सांग, हा वर का चढला?"

तो म्हणाला, "ज..." आणि अडकला.

जक्कय. त्याच्या दोन वैरी अक्षरांचं नाव. मी दारात उभा होतो आणि माझ्या जिभेवर ते नाव आलंच होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तुमच्याकडे लक्ष गेलं. तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. घड्याळाकडे नाही, माझ्याकडे नाही. हसून धीर देत नव्हता, "हं, हं" करत नव्हता. फांदीकडे बघत होतात. जणू तुम्हाला जगात एकच काम होतं, फांदी धरणं, आणि त्या कामाला घाई नव्हती. तो "ज... ज..." करत राहिला. मला तो वेळ एका पाळीएवढा लांब वाटला. शेवटी "जक्कय ठेंगू होता" असं वाक्य आलं. तुम्ही म्हणालात, "मग?" एवढंच. शाबास नाही, टाळ्या नाहीत. जसं कुणालाही म्हणतो तसं. "मग?"

आणि त्याने पुढची सगळी गोष्ट सांगितली. अडखळत, थांबत, पण येशू झाडाखाली येऊन त्याला उतरायला सांगतो आणि त्याच्याच घरी मुक्कामाला जातो तिथपर्यंत.

ताई, खरं सांगू? आमच्या फ्रिजवर दोन वर्षांपासून स्पीच थेरपिस्टने दिलेला कागद लावलेला आहे. त्यावर पहिलीच ओळ आहे, मुलाचा शब्द तुम्ही पुरा करू नका. तो कागद लावलेलं दार उघडून मी रोज पाण्याची बाटली काढतो. आणि त्या मुलाचे सगळ्यात जास्त शब्द कुणी पुरे केले असतील तर मी. त्याला त्रास होऊ नये म्हणून, असं मी म्हणायचो. त्रास मला होत होता. माइक काढून घेणाऱ्यांना मी इतके महिने शिव्या दिल्या, आणि घरी जेवताना रोज तेच करत होतो.

मला लेथ शिकवणारे एक उस्ताद होते. पहिल्या दिवशी टूल लावताना माझा हात थरथरत होता. त्यांनी हँडल हिसकावून घेतलं असतं तर जॉब (लेथवर लावलेला तुकडा) वाचला असता. नाही घेतलं. जॉब गेला, ओरडा त्यांनी खाल्ला, मी कारागीर झालो. अशी माणसं पाळीला पाळी निघून जातात, त्यांचा कुणी सत्कार करत नाही. तुम्हाला पाहिलं आणि तीस वर्षांनी त्यांची आठवण आली.

तुमच्याबद्दल कुरकूरही ऐकली. कात्री-कागदाचा खेळ चाललाय, ह्यात शास्त्र कुठे, असं एक वडीलधारे म्हणाले. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, मी देतो. बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा एकतिसावा अध्याय काढा. देव मोशेला सांगतो, मी बसालेलाला माझ्या आत्म्याने भरलं आहे. तो संदेष्टा नव्हता, याजक नव्हता. सोनं-रुपं-पितळ घडवणारा, रत्नं जडवणारा, लाकूड कोरणारा कारागीर होता. आणि ज्या मोशेला हे सांगितलं, तो स्वतः जिभेचा जड होता. हे सोयीने विसरलं जातं.

शेवटच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर झाड हातात घेऊन गोष्ट सांगितली. तुम्ही बाजूला फरशीवर बसून होतात. 'जक्कय' लवकर आला नाही. पण बाकीची पोरं शांत होती, पंधरा दिवसांत त्यांनाही वाट पाहायची सवय लागली असावी. त्या गोष्टीत जक्कय म्हणतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करीन. त्या हिशेबाने नाताळच्या एका वाक्याची चार वाक्यं आम्हाला कुणाकडून तरी येणं आहेत. मी मागायला जाणार नाही. पण हिशेब लिहून ठेवलाय.

झाड आता टीव्हीवर आहे. ती फांदी थोडी तिरकी चिकटलीय. मी सरळ करू का विचारलं, तर "न... नको, ती ताईंनी धरलेली आहे" म्हणाला. मी 'नको' त्याच्या तोंडून येईपर्यंत थांबलो, हेही तुम्हाला कळावं.

तुमचा,
त्याचा बाप

ता. क. तुमची केशरी मुठीची मोठी कात्री त्याच्या दप्तरात आली आहे. रविवारी आणून देतो. धार गेली होती, लावून ठेवली आहे.