मत टाकलंस ना? मग टाळ घे

तात्या, साष्टांग दंडवत.

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, नातू वाचून दाखवेल. समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही पावसापाण्याचं काढता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

२०२४ साली आपल्या राज्यानं सहा महिन्यांत दोन निकाल पाहिले. ४ जूनला लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला. २३ नोव्हेंबरला विधानसभेच्या २८८ पैकी सव्वादोनशेहून जास्त महायुतीला. त्यातल्या एका दिवशी मी गुलालात न्हालो, दुसऱ्या दिवशी दार लावून बसलो. कधी काय, ते गावाला ठाऊक आहे, बाकीच्यांना कशाला?

गुलालाच्या दिवशी नवस फेडायला नारळांचं पोतं घेऊन देवळात आलो. तुम्ही वीणेची तार लावत होतात. मान वर न करता म्हणालात, "तुझ्या चुलतभावानंही नारळ बोलला होता. पांडुरंगानं कुणाचं ऐकायचं रे?" राग आला होता, आज सांगतो. पण त्याच्या दारावरून डीजे न्यायचा बेत त्याच संध्याकाळी मोडला.

जिंकलो की 'देवानं कौल दिला' म्हणायचं आणि हरलो की पैशाला, लोकांच्या अकलेला बोल लावायचा, ही माझी भक्ती.

दार लावून बसलो त्या रात्री तुम्ही काठी टेकत आलात. समजूत घालाल वाटलं.

"मत टाकलंस ना?"

"टाकलं."

"बूथवर राबलास ना?"

"राबलो."

"मग आता टाळ घे."

'सगळं देवाच्या हाती' असं तुम्ही म्हणाला नाहीत. कसं म्हणाल? २० नोव्हेंबरला शाळेचं दार उघडायच्या आधी रांगेत तुम्हीच उभे होतात.

नोव्हेंबरातच, २६ तारखेला, आळंदीची कार्तिकी एकादशी होती. तिथे टाळकऱ्यांच्या रांगेत मला बरोब्बर चुलतभावासमोर उभं केलंत. मुद्दाम, हे मला आत्ता कळतंय. भजन संपल्यावर 'माऊली' म्हणत सगळेच एकमेकांच्या पाया पडले, आम्हालाही पडावं लागलं. आधी कोण वाकलं यावर आमचं अजून एकमत नाही. जून-नोव्हेंबरवर तर नाहीच.

पक्ष मी सोडलेला नाही. पुढच्या वेळीही घसा बसेपर्यंत ओरडेन, हे तुम्हाला माहीत आहे.

वीणेची खोळ शिवून आली आहे. कापड मी आणलं, शिलाई त्यानं दिली. गुरुवारी हरिपाठाला दोघं घेऊन येतो.