वरच्या मजल्यावरच्या काकांना

काका, सा. न.

आमची गाडी दुरुस्त केल्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेढेही ‘शुगर आहे’ म्हणून परत पाठवलेत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. हे कसं परत पाठवता बघू.

चेक इंजिनचा दिवा लागला, तेव्हा गॅरेजने धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर आणि वर त्या दोघांच्या मधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बदलायला सांगितला होता. खर्चाचा आकडा ऐकून बाबा गाडी विकायला निघाले होते. तुमचा जन्म एसटीच्या डिझेल इंजिनांत गेला, तरी कपाटातून गाडीच्या बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर निघाला! कोड आला पी०१३५. ‘‘हा पुढच्या सेन्सरच्या हीटरचा. कन्व्हर्टरनं काय घोडं मारलंय?’’

नवा सेन्सर मागवायची तुम्हाला घाई नव्हती, याचं मला फार कौतुक. आधी फ्यूज पाहिलात. तो शाबूत निघाल्यावर सेन्सरचा कनेक्टर सोडवून हीटरच्या, एकाच रंगाच्या दोन तारांना मल्टिमीटर लावलात. थोडेफार ओहम दिसायला हवे होते. तिथे सर्किटच तुटलेलं. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट सांगत नाही आणि हीटर गेला की सगळी भिस्त धुराच्या उष्णतेवर. गाडी हल्ली सकाळी गार असताना जास्तच पेट्रोल का पीत होती, ते तेव्हा कळलं.

मग खरी झटापट. इंजिन कोमट, आट्यांवर गंज सोडवणारं तेल, वायरीसाठी खाच असलेला २२ नंबरचा पाना, आणि टॉर्च धरून मी. सेन्सर हलेना. पान्याला पाइप लावून जोर करू म्हटलं, तर केवढ्यांदा ओरडलात! मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे, आटे गेले की सेन्सरपेक्षा मोठा खड्डा. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं, जरा सैल, जरा घट्ट... निघाला एकदाचा. नव्याच्या आट्यांना पुन्हा अडकू नये म्हणून पेस्ट लावलीत, टोकाला मात्र बोटही लागू दिलं नाहीत.

कोड पुसून गाडी तापवल्यावर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झुलत होता, मागच्याची रेघ जवळपास सरळ. म्हणजे मधला कन्व्हर्टर धूर नीट साफ करतोय, ठणठणीत. ज्याचे पैसे आम्ही मोजणार होतो, तोच!

मी मल्टिमीटर घेतलाय. बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) दुचाकींनाही हा सेन्सर असतो, असं तुम्हीच म्हणालात. वहिनींच्या स्कूटरचा दिवा लागला तर मला हाक मारा. टॉर्च तुम्ही धरायचा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची