वॉटसनचे लोखंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या काळा घोडा परिसरावरचा लेख वाचला. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, याच्या वाट्याला त्यात जेमतेम तीन ओळी आणि त्यातल्या दोन जमशेटजी टाटांच्या. वॉटसनच्या दारात अडवले म्हणून त्यांनी १९०३ साली ताज उभे केले, ही कथा मुंबईत प्रत्येकाला पाठ आहे. तिला त्या काळातला लेखी आधार काही माझ्या वाचनात आलेला नाही, पण ते राहू द्या. लेखकाने इमारतीला ‘ब्रिटिशकालीन दगडी वास्तू’ म्हटले आहे, तिथे मी अडखळलो.

या इमारतीत मी बावीस वर्षे एका वकिलांकडे टायपिंग केले. सेशन कोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मजल्यामजल्यावर वकिलांच्या केबिनी. आमच्या प्लायवूडच्या पार्टिशनमध्येच एक खांब आला होता. कामाला लागलो त्या आठवड्यात त्यावर कॅलेंडर लावायला खिळा ठोकला. टण्ण आवाज झाला, खिळा वाकला. म्हातारे शिपाई हसून म्हणाले, “भाऊ, ते लोखंड आहे. अख्खी बिल्डिंग लोखंडाची आहे.”

खरेच आहे ते. फोर्टचे तट पाडल्यावर जी जमीन मोकळी झाली, त्यातला तुकडा कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी घेतला. आराखडा इंग्रज इंजिनियर रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या अवाढव्य छतातही त्यांचा हात होता. खांब आणि तुळया इंग्लंडात डर्बीच्या कारखान्यात तयार केल्या, बोटीने इथे आणल्या आणि १८६७ ते १८६९ या काळात जागेवर जोडल्या. सगळा भार या सांगाड्यावर. मधल्या विटांच्या भिंती म्हणजे नुसता आडोसा, त्या काढल्या तरी मजले जागचे हलणार नाहीत. आज परळला टॉवर चढतात ते याच तत्त्वावर. शिकागोच्या ज्या होम इन्शुरन्स बिल्डिंगचे नाव गगनचुंबी इमारतींच्या इतिहासात पहिले घेतात ती १८८५ची. म्हणजे आमची सोळा वर्षांनी थोरली! शेजारच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाला दगडी म्हणा, कोण नाही म्हणतो?

७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथेच झाला, तिकीट एक रुपया. हे निदान आपल्या लेखात आले आहे.

पुढे हॉटेल गेले आणि जागेची कापाकापी झाली. मालक म्हणणार, या भाड्यात दुरुस्ती कशी परवडेल. भाडेकरू म्हणणार, दुरुस्ती मालकाची. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. आमच्याच मजल्यावर सज्जाचा तुकडा बंद करून मोरी केली होती आणि तिचे पाणी वर्षानुवर्षे खालच्या लोखंडी ब्रॅकेटवर ठिबकत होते. समुद्राचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, त्यात ही मोरी. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एक माणूस गेला. त्या दिवशी मला ती मोरीच आठवली. वारसा वास्तूंसाठी काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या २००६च्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीतही हिचे नाव होते. तेवढ्याने पाणी थोडेच थांबते? २०१९ मध्ये इमारत रिकामी केली गेली. दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे, असा आयआयटीचा अहवाल आला. वारसा जपणाऱ्या मंडळींना तो पटला नाही.

मी इंजिनियर नाही. पण आम्ही चढवलेली पार्टिशने, पोटमाळे, टाक्या आणि मोऱ्या उतरवून नुसता सांगाडा आधी नीट तपासावा, मग काय तो निकाल द्यावा, एवढे मला कळते. आणि दुरुस्ती झालीच, तर तळमजल्यावर रस्त्यालगत एक खांब तरी प्लास्टर-पार्टिशनशिवाय उघडा ठेवावा. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून पाहता आला पाहिजे.

तूर्त, येत्या रविवारी ‘दगडी’ या शब्दाची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त टायपिस्ट, डोंबिवली